थांबाबाईंचा तास

माणूस एकदा वाढला की तो सातवीच्या बाकात मावत नाही, हे बाक बनवणाऱ्या सुताराला ठाऊक असतं. शिक्षण खात्याला ते अजून कुणी कळवलेलं नाही. त्यामुळे निरीक्षकाचे गुडघे वर्षानुवर्षं बाकाच्या खालच्या फळीवर आपटत आले होते. शाळा बदलायची, वर्ग बदलायचा, फळी मात्र बरोबर तिथंच असायची.

पाचवी ते आठवीच्या वर्गांत जाऊन मागे बसायचं, शिकवणारा कसा शिकवतो, भिंतीवरचा डिजिटल पडदा वापरतो की नुसताच पुसून ठेवतो, मुलं काय करतात हे बघायचं आणि मांडीवरच्या टॅबवर खुणा करायच्या, हे त्याचं काम. शिक्षकांनी त्याचं नाव 'मागचा बाक' ठेवलं होतं. "उद्या मागचा बाक येतोय" अशी बातमी पोचली की ठेवणीतले कपडे निघत, पडद्यावरची धूळ जाई, आणि वर्गातल्या वटवट्या पोराला प्रयोगशाळेतून काहीतरी आणायला पाठवण्यात येई. ते काहीतरी तास संपेपर्यंत सापडत नसे. एका मास्तरांनी तर आदल्या दिवशी झालेला धडाच त्याच्यासमोर पुन्हा घेतला. प्रश्न अर्धा विचारून होतो न होतो तोच अख्ख्या वर्गाचे हात वर. मास्तरांनी कौतुकानं एकाकडे बोट केलं, तर तो म्हणाला, "सर, हे उत्तर काल तिनं दिलं होतं." मागच्या बाकानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. असं न ऐकणं हाही नोकरीचाच भाग होता.

त्याची बायको दवाखान्यात परिचारिका. दुसरा काम करत असताना मागे बसून बघायचं, याचा पगार मिळतो हे आपल्याला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही, नाहीतर आपणही सुया टोचत बसलो नसतो, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. तो स्वयंपाकघराच्या दारात जरा रेंगाळला की पाठमोरीच म्हणायची, "निरीक्षण झालं असेल तर ताटं घ्या."

तो पूर्वी शिक्षकच होता, आणि बरा नव्हता. भाषा शिकवायचा. स्वतःच्या बोलण्यावर त्याचा इतका जीव की मुलांच्या बोलण्याला जागाच उरत नसे. प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच देऊन टाकायचा. आपणच बेल वाजवावी, आपणच दार उघडावं आणि स्वतःलाच "या, बसा" म्हणावं, तसं. हे त्याला कळलं ते मागे बसायला लागल्यावर. म्हणजे अक्कल आली, पण दुकान बंद झाल्यावर.

म्हणून थांबाबाईंच्या वर्गात तो पहिल्यांदा बसला तेव्हा त्याला आपल्या जुन्या वर्गांची आठवण होऊन लाजल्यासारखं झालं.

थांबाबाई सातवीला गणित शिकवत. नाव मुलांनी ठेवलेलं, आणि नावं ठेवण्याच्या कामात मुलांइतकं चोख खातं दुसरं नाही. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. आता थांबतात सगळेच, पण बहुतेकांचं थांबणं दारात सायकल टेकवून आत डोकावल्यासारखं असतं. एक पाय कायम बाहेर. बाई पुरत्या थांबत. "चला, कोण सांगतंय" नाही, हुशार मुलाकडे आशेनं बघणं नाही, घड्याळाकडे तर नाहीच. टेबलाच्या कडेला टेकून, हाताची घडी घालून उभ्या. बस उशिरा येईल पण येणार, हे माहीत असलेल्या माणसासारख्या. वर्गात पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागायची. मग बाक वाजायचे. मग कुठंतरी पुटपुट. एखादं घाईचं उत्तर आलंच तर बाई "हं" म्हणत. तो 'हं' होकाराचा की नकाराचा हे आजवर कुणाला कळलेलं नव्हतं, त्यामुळे पोरगं पुन्हा विचाराला लागायचं. वर्षाच्या सुरुवातीला नव्या मुलांना वाटायचं, बाई पुढचं विसरल्या. एकानं एकदा धावत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं होतं. बाईंनी ते पिऊन टाकलं, आभार मानले आणि पुन्हा थांबल्या.

आता अडचण अशी की नव्या टॅबला कान होते. निरीक्षकानं खुणा कराव्यात आणि टॅबनं ऐकावं, अशी वाटणी झाली होती. शिक्षकाचा आवाज आला की निळी रेघ, मुलांचा आला की हिरवी, आणि वर्ग शांत झाला की लाल ठोकळा. त्या ठोकळ्याचं नाव 'निष्क्रिय वेळ'. ठोकळा मोठा झाला की टॅब कारण विचारायचा आणि त्यासाठी तीन पर्याय द्यायचा: तांत्रिक बिघाड, बेशिस्त, शिक्षकाची अपुरी तयारी. 'मुलं विचार करत आहेत' असा पर्याय नव्हता. ज्यांनी टॅब बनवला त्यांच्या वर्गातही बहुधा कुणी थांबलेलं नसावं.

बाईंचे आधीचे दोन तास दुसऱ्या निरीक्षकांनी बघितले होते आणि दोन्ही लाल निघाले होते. तिसराही लाल निघाला तर नियमाप्रमाणे बाईंना वर्गातून काढून कार्यालयात टेबलावर बसवायचं ठरलेलं होतं. शाळाशाळांतून दुरुस्तीला आलेल्या टॅबवर तिथं क्रमांक चिकटवायचे असत. नोकरी जाणार नव्हती, पगारही तोच राहणार होता. जाणार होता तो फक्त वर्ग.

तिसऱ्या तासाला मागचा बाक आला तेव्हा बाई वर्गाच्या दारातच भेटल्या. त्यांनी ठेवणीतले कपडे घातले नव्हते, वटवट्या पोराला कुठं पाठवलंही नव्हतं. उलट तोच पहिल्या बाकावर पाय हलवत बसला होता.

"एकच सांगते," बाई म्हणाल्या. "मला त्या टेबलावर बसवू नका. मला दुसरं काही येत नाही, आणि हे येतं."

त्यानं मान हलवली आणि मागे जाऊन गुडघे आपटून घेतले.

त्या दिवशी अपूर्णांक होते. बाईंनी प्रत्येकाला कागदाची एक पट्टी दिली, ती मधोमध दुमडायला लावली, मग अर्ध्याची पुन्हा घडी. अर्ध्याला पावानं भागलं की उत्तर दोन येतं, हे मुलांना पाठ होतं. वर-खाली करून गुणायचं, झालं. बाई म्हणाल्या, "अर्ध्याला भागलं. भागल्यावर उत्तर लहान व्हायला हवं. मग हे अर्ध्याहून मोठं कसं झालं?"

आणि त्या टेबलाला टेकल्या.

टॅबवर लाल ठोकळा उगवला. वटवट्यानं "बाई, उलटं केलं म्हणून" असं ठोकून दिलं. बाई "हं" म्हणाल्या. ठोकळा वाढला. कुणी पट्टी उलगडत होतं, कुणी पुन्हा दुमडत होतं. तिसऱ्या रांगेत एक मुलगी होती. वर्गानं तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं, कारण ती फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत फळा पुसून झालेला असायचा. ती पट्टी डोळ्यांपुढे धरून, वेणीचं टोक तोंडात घालून बसली होती. टॅब त्याच्या मांडीवर थरथरून कारण विचारू लागला. त्यानं तो पालथा घातला.

बऱ्याच वेळानं गोगलगाईनं वेणी तोंडातून काढली. "बाई, आपण याची वाटणी करतच नाही आहोत," ती म्हणाली. "अर्ध्यामध्ये पाव किती वेळा बसतो ते बघतोय. दोनदा बसतो. कागद तेवढाच आहे, आपण नुसतं मोजलं."

वर्गात एक हालचाल झाली, पाण्यावर वारा फिरतो तशी. दोघांतिघांनी आपली पट्टी दुमडून खरंच दोनदा बसतो का ते बघितलं. वटवट्या म्हणाला, "मी तेच म्हणणार होतो." बाई म्हणाल्या, "हं."

टॅब सुलटा केला तर अर्धा तास लालभडक.

निरीक्षक शेरे लिहायच्या बाबतीत हिशेबी माणूस. 'समाधानकारक' आणि 'सुधारणेस वाव' या दोन शेऱ्यांवर त्याची आजवरची कारकीर्द उभी होती. पण त्या संध्याकाळी त्यानं घरी बसून शेऱ्याच्या चौकटीत भलामोठा मजकूर लिहिला. ही शांतता रिकामी नाही, टॅबला ऐकू येत नाही ते याच वेळात घडतं, असं शिकवणं आपण इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही, ते सगळ्यांनी पाहावं असं आहे. लाल ठोकळ्यावर त्यानं स्वतःच्या अधिकारात फुली मारली आणि पूर्ण गुण दिले. कुणालातरी वाचून दाखवल्याशिवाय राहवेना म्हणून बायकोला वाचून दाखवलं. तिनं कामावर जायचे बूट घालता घालता ऐकलं.

"इतकं कौतुक तुम्ही आजवर कुणाचं केलं नाहीत," ती म्हणाली. "माझंही."

बाई वाचल्या. टेबलाची टांगती तलवार गेली. तो आपल्यावरच खूश होऊन थोडे दिवस छाती काढून हिंडला. कुंपण घालायला गेला होता. आपण रस्ता दाखवणारी पाटी लावून आलोय, हे त्याच्या लक्षात यायचं होतं.

'सगळ्यांनी पाहावं असं आहे' हे त्याचं वाक्य कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी वाचलं. साहेब वाईट माणूस नव्हते. असते तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांना चांगल्या गोष्टीची मनापासून आवड होती, आणि चांगली गोष्ट दिसली की ती एकाच खोलीत पडून राहते याचं मनापासून दुःख होई. त्यांनी निरीक्षकाला बोलावून घेतलं, बसायला माणसाच्या मापाची खुर्ची दिली आणि म्हणाले की अशा बाई एका शाळेच्या एका वर्गाला मिळाव्यात हा बाकीच्यांवर अन्याय आहे. बाईंचे तास चित्रित करायचे आणि सगळ्या शाळांच्या पडद्यांवर दाखवायचे. निरीक्षकाला आनंद झाला. त्याला तेव्हा नाही म्हणायला काही कारण दिसलं नाही. नंतर पुष्कळ दिसली.

चित्रीकरण कार्यालयाच्याच एका खोलीत झालं. दिवे, कॅमेरा, मागे हिरवी भिंत, आणि मुलं नाहीत. बाईंच्या चेहऱ्याला पावडर लावली, निळे कपडे घालायला लावले. पुढचं सगळं बाईंनीच त्याला नंतर हसत सांगितलं. त्यांनी कागदाची पट्टी दुमडली, कॅमेऱ्याकडे बघून प्रश्न विचारला आणि सवयीनं टेबलाला टेकल्या. थोड्या वेळानं कॅमेऱ्यामागचा मुलगा म्हणाला, "बाई, पुढे बोला."

"थांब. मुलं विचार करतायत."

"कुठली मुलं, बाई?"

सांगताना बाई हसल्या, तोही हसला. पण त्या हट्टानं प्रत्येक प्रश्नानंतर थांबल्या होत्या. कॅमेरावाल्या मुलाला त्यांनी पटवून दिलं होतं की पडद्यापलीकडे मुलं असतील आणि त्यांना वेळ लागेल. तो बिचारा भला होता, त्यानं तेवढा वेळ कॅमेरा चालू ठेवला. पण नंतर चित्रणाची कापाकापी आणि जोडकाम करणारे वेगळे. त्यांना दिसलं की बाई मधूनमधून गप्प उभ्या आहेत, तेव्हा त्यांनी आपलं काम चोख केलं. गप्प बाई कापल्या, बोलणाऱ्या बाई ठेवल्या. अख्खा तास चहा निवण्याच्या आत संपायला लागला. उरलेल्या वेळात सरावाचे प्रश्न आणि टाळ्यांचा आवाज.

मग आदेश निघाला. ठरलेल्या वेळी सगळ्या शाळांतल्या सातवीच्या पडद्यांवर गणिताचा तास एकदम लागेल, कार्यालयातूनच. वर्गातून तो थांबवता येणार नाही, कारण मग शाळा मागेपुढे होतात. वर्गातल्या शिक्षकानं सहायक म्हणून बाजूला उभं राहायचं, शांतता राखायची आणि गैरहजरी टिपायची.

सगळ्या शाळांत बाईंची शाळाही आली.

बाई साहेबांकडे गेल्या. बरोबर निरीक्षकही गेला. बाईंनी सांगितलं की बाकीच्यांचं ठीक आहे, पण माझ्या वर्गात मी आहे. मी जिवंत उभी असताना माझं चित्र कशाला? साहेबांना हे खरंच कळलं नाही. त्यांनी मोबाइलवर बाईंचा धडा लावून दाखवला, तो आपल्या बायकोला दाखवला होता आणि तिला पहिल्यांदाच भागाकार समजला होता, असंही सांगितलं. आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, दिवसभर शिकवून तुमचा घसा बसायचा. आता घशाला आराम, आणि एकाच वेळी सगळीकडे तुम्ही. याहून काय हवं?"

परतताना जिन्यात निरीक्षकानं म्हटलं, थोडे दिवस जाऊ द्या, मी बघतो. बाई म्हणाल्या, "तुम्ही आता काही बघू नका हो." रागानं नाही म्हणाल्या. पण घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. करायला गेलो काय आणि वरती झाले पाय, असं तो बायकोला म्हणाला. तिनं त्या दिवशी टोमणा मारला नाही. त्याला ते जास्तच लागलं.

काही आठवड्यांनी त्याच वर्गाचं निरीक्षण करायची पाळी आली. पडदा जुन्या फळ्यावरच ठोकला होता. एका बाजूला पडद्यावरच्या बाई, गोऱ्यापान, निळ्या कपड्यांतल्या, मोठ्या; दुसऱ्या बाजूला खिडकीशी खऱ्या बाई, रंग उडालेल्या खुर्चीला धरून उभ्या. पहिले काही दिवस मुलांनी पुष्कळ मजा केली होती म्हणे. पडद्यावरच्या बाई आत आल्या की वर्ग उठून उभा राहायचा आणि खऱ्या बाईंनी बसा म्हटलं की विचारायचा, "त्यांनी नाही सांगितलं अजून." वटवट्यानं दोघींची नावंही वेगळी केली होती. एक थांबाबाई, दुसरी पळाबाई. पण मजा किती दिवस टिकणार? आता मुलं मुकाट्यानं बसून होती.

पळाबाईंनी दोरी घेतली, विचारलं, "दोरी तेवढीच. मग आतली जागा कमी-जास्त कशी होते?" आणि श्वासही न घेता पुढच्याच क्षणी, "कारण लांबी वाढली की रुंदी आवळली जाते." तिसऱ्या रांगेत गोगलगाईनं वेणी नुकती कुठं तोंडात घातली होती. तिनं ती काढली आणि उत्तर लिहून घेतलं.

खिडकीशी उभ्या थांबाबाईंनी वर्गाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्यानं टॅबकडे बघितलं. निळी रेघ अखंड, लाल ठोकळा नावालाही नाही. हा वर्ग उत्तम ठरत होता. कमी गुण द्यावेत तर ते सहायक म्हणून बाईंच्याच खात्यावर चढणार, आणि टेबल होतंच वाट बघत. जास्त द्यावेत तर हेच पुढं चालू. इतकी वर्षं मागे बसून त्यानं पुष्कळ वर्ग बघितले होते, पण धड लाल नाही, धड हिरवा नाही, काही केलं तरी त्याच बाईंना लागणार असा पहिलाच. त्यानं 'समाधानकारक' लिहिलं. जुना शेरा, जुन्या बुटासारखा. कुठंही जा, चावत नाही.

पण मग तो साहेबांच्या पाठीमागेच लागला. नोकरीत त्यानं कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, ते सगळं एकदम मागून घ्यायला बसल्यासारखा. चहाच्या वेळी, बैठकीनंतर, लिफ्टच्या दारात. शेवटी साहेब कंटाळले, की त्यांनाही काही वाटलं, कोण जाणे; पण आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, ज्या मुलांना थांबायचं असेल त्यांच्यासाठी बाईंना एक तास मिळाला. पडदा बंद. त्याला 'शंकानिरसन' असं नाव दिलं, म्हणजे कागदावर बसतं.

बाईंना हे सांगायला तो स्वतः गेला. त्या दिवशी किती महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळलेला त्यानं बघितला. "एक तास पुरे," त्या म्हणाल्या. "माझी मुलं आहेत ती. विसरायला त्यांना वेळ मिळालाय कुठं? मी आणते सगळं परत." आणि पहिल्या तासाला त्यांनी त्यालाच बोलावलं. टॅब आणायचा नाही, अशी अट घातली. तो म्हणाला की टॅब नसला की आपल्या हातांचं काय करायचं हे मला सुचत नाही. बाई म्हणाल्या, "घडी घाला."

शाळा सुटली. निम्म्याहून जास्त वर्ग थांबला. वटवट्या थांबला, गोगलगाय थांबली. बाहेर पटांगणात कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं. बाई आल्या, आपल्या साध्या कपड्यांत, आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

त्यांनी दोरीच घेतली. पळाबाईंनी जिथं घोळ घातला होता तिथूनच सुरुवात करायची, असं त्यांनी ठरवलं असावं. दोरीची दोन टोकं गाठ मारून जोडली. दोन मुलांना पुढं बोलावून त्यांच्या बोटांत ती चौकोनासारखी ताणली. मग बोटं सरकवून लांबट केली, आणखी लांबट, पार चपटी. आतली जागा आक्रसत आक्रसत नाहीशी झाली. पुस्तकातलं उत्तर मुलांना येत होतं, म्हणून बाईंनी पुस्तकात नव्हतं ते विचारलं.

"दोरी तेवढीच राहिली. मग आतली गेलेली जागा कुठं गेली?"

आणि टेबलाला टेकल्या.

निरीक्षकानं मागे बसून हाताची घडी घातली. पंखा ऐकू यायला लागला. त्याला आत कुठंतरी बरं वाटलं. किती दिवसांनी हा पंखा ऐकला. त्यानं बाकांच्या आवाजाची वाट बघितली. बाक वाजले नाहीत. पुटपुट आली नाही. त्यानं मान वाकडी करून मुलांचे चेहरे बघितले. कुणी खोड्या करत नव्हतं, कुणी पेंगत नव्हतं. सगळी ताठ बसली होती, पेनांची टोपणं काढलेली, वह्या उघड्या, डोळे बाईंच्या तोंडावर. दोरीकडे कुणी बघत नव्हतं. पुढं उभ्या दोघांची बोटं ढिली पडली आणि दोरी जमिनीला टेकली, तीही कुणी उचलली नाही.

बाई थांबल्या. मुलंही थांबली. बाई मुलांसाठी, मुलं बाईंसाठी.

वटवट्यानं मान उंचावून पडद्याच्या वरच्या बारीक दिव्याकडे बघितलं, की काही अडकलंय का. बाईंनी हाताची घडी सोडली, पुन्हा घातली. त्या गोगलगाईकडे बघायला लागल्या. आजवर त्यांनी कधी कुणा एकाकडे बघितलं नव्हतं.

गोगलगाईला ते कळलं. आपल्याला काहीतरी करायला हवंय हे तिला कळलं. ती उभी राहिली, आणि बाईंना धीर द्यावा तशी अगदी मायेनं म्हणाली, "बाई, आम्ही तयार आहोत. सांगा तुम्ही."

बाईंनी "हं" म्हटलं नाही. मग पडदा ठोकल्यानंतर फळ्याची जी एक चिंचोळी पट्टी उरली होती, तिच्यावर त्यांनी खडूनं उत्तर लिहिलं. मुलांनी उतरवून घेतलं. गोगलगाईचंही या वेळी सगळ्यांबरोबर उतरवून झालं. जाताना मुलं खुशीत होती, तास लवकर सुटला म्हणून.

वर्ग रिकामा झाल्यावर निरीक्षक पुढं गेला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला की पहिलाच तास आहे, हळूहळू येईल, वर्ष अजून पडलंय. बाई दोरीची गाठ सोडवत होत्या. त्यांनी ती सोडवली, दोरी बोटांवर गुंडाळली आणि खणात ठेवली.

"साहेबांशी बोलाल का एकदा?" त्या म्हणाल्या. "त्या टेबलाचं. जागा अजून रिकामी आहे ना?"

"बाई, तुम्हीच तर—"

"हो, मीच. तेव्हा मला वाटत होतं वर्ग गेला तर मी मरेन." त्यांनी खण लावला. "आता इथं उभी राहिले तर रोज हेच बघावं लागेल."

तो साहेबांशी बोलला. साहेबांना वाईट वाटलं. बाईंना शंकानिरसनाचा कंटाळा आला असावा, असा त्यांनी अर्थ लावला आणि बदली तातडीनं करून दिली.

आता थांबाबाई कार्यालयाच्या तळमजल्यावर दुरुस्तीला आलेल्या टॅबवर क्रमांक चिकटवतात. मागचा बाक कधी कामानं तिकडे गेला तर चहा पाजतात, बायकोची चौकशी करतात. वर्गाचा विषय दोघंही काढत नाहीत. काम भराभर होतं, असं तिथला कारकून त्यांच्याबद्दल कौतुकानं सांगतो.

आणि मागचा बाक अजून वर्गावर्गांत मागे बसतो. कुठल्याही शाळेत गेला, तरी गणिताच्या वेळी त्या असतातच, निळ्या कपड्यांत, पावडर लावून. तो आता मुलांकडे फारसा बघत नाही, पडद्याकडे बघतो. बाई प्रश्न विचारतात, टेबलाकडे वळायला खांदा जरासा कलतो, हात घडीसाठी उचलले जातात, आणि तिथंच चित्र किंचित उडी मारतं. पुढच्या क्षणी हात खाली असतात, बाई सरळ उभ्या असतात आणि उत्तर सांगत असतात. ती उडी इतकी बारीक आहे की ती दुसऱ्या कुणाला दिसत नाही. मुलं तर मान खाली घालून लिहीत असतात.